वसतिगृहाची खोली सुटीपुरती बंद करताना: तारखा, ओल आणि वजन

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहते. परीक्षा संपली की खोली रिकामी करून द्यायची आहे, उन्हाळी सुटी साधारण दहा आठवड्यांची. थोडं सामान वसतिगृहाच्या स्टोअररूममध्ये ठेवता येतं, बाकीचं घरी आणायचं. शेवटचा पेपर आणि खोली सोडण्याची तारीख यांत फारसं अंतर नाही. घरच्यांनी नेमकी काय मदत करावी, आणि मागे ठेवलेलं सामान टिकावं म्हणून काय करावं?

चोरीची धास्ती सगळ्यांनाच असते, पण बंद खोलीतल्या सामानाचा खरा घात करते ती ओल. ती आत शिरते घाईमुळे. शेवटच्या रात्री गाशा गुंडाळताना अर्धवट वाळलेला टॉवेल, सकाळी विसळलेली बाटली, घामेजलेले बूट असं सगळं एकाच खोक्यात कोंबलं जातं. बांधाबांध दोन-तीन तासांत उरकता येते, वाळणं तसं उरकता येत नाही. त्यामुळे सगळा आराखडा वाळायला लागणाऱ्या वेळेभोवती आखायचा.

आधी चार तारखा एका कागदावर लिहून घ्या: शेवटचा पेपर किती वाजता संपतो, किल्ली परत करण्याची शेवटची वेळ काय, स्टोअररूम कोणत्या दिवशी किती ते किती उघडी असते, आणि पुढच्या सत्राची नोंदणी व फी भरण्याची मुदत. घोळ होतो तो बहुतेक तिसऱ्या तारखेचा. खोली रविवारी सोडायची आणि स्टोअररूम शुक्रवारी दुपारीच बंद, हे शनिवारी कळून उपयोग नाही. मुलीला विचारलं तर ‘असेल उघडी’ असं उत्तर येईल, म्हणून तिला सूचना-फलकाचा फोटोच पाठवायला सांगा. शेवटचा पेपर आणि प्रवास यांत एक पूर्ण मोकळा दिवस ठेवा. पेपर संपल्यावर त्याच संध्याकाळचं तिकीट काढलं की उरलेलं सामान न वाळवता कोंबलं जातं, शिवाय पेपर एक दिवस पुढे गेला तर तिकीटही बुडतं.

एका विद्यार्थ्याच्या खोलीचं काम वाळवणं सोडून साधारण दहा तासांचं धरा. निवडानिवड तीन तास, धुणं दोन, पुस्तकं-कागद दोन, खोकी भरणं दोन आणि सफाई एक. हे सलग करायला परीक्षेच्या दिवसांत कोणालाच जमत नाही, आणि जमवूही नये. तीन आठवडे आधी एका सुटीच्या दिवशी निवडानिवड करून टाका. दोन आठवडे आधी गरम कपडे, जाड पांघरुणं, जादा चादरी धुऊन वाळवून बंद करा, नाहीतरी त्या दिवसांत त्या लागत नाहीत. परीक्षा सुरू झाली की दहा मिनिटांपेक्षा मोठं एकही काम नको. उरलेलं त्या मोकळ्या दिवशी.

घरच्यांनी उचलायचा भार तो नेमका तिने हात न लावता होणारा: तिकीट किंवा गाडी ठरवणं, डबे आणि चिकटपट्टी आधी पोहोचवणं, तारखांचा माग ठेवणं, घरी कपाटातला एक खण रिकामा करणं. निवडानिवड मात्र तिचीच. आईवडिलांनी येऊन आवरलं की दोन गोष्टी हमखास होतात: लागणाऱ्या नोट्स रद्दीत जातात आणि न लागणारं सगळं जपून बांधलं जातं. परीक्षेच्या काळात ‘आवरलंस का’ असा फोन रोज करण्यापेक्षा सात-आठ ओळींची एक यादी संदेशात पाठवून द्या. तिला सवड मिळेल तशी ती एकेक ओळ खोडेल.

निवडानिवड

चार ढीग करायचे: घरी न्यायचं, इथे ठेवायचं, कोणाला तरी द्यायचं किंवा टाकायचं, आणि शेवटच्या दिवसाची पिशवी. चौथा ढीग बहुतेक जण करत नाहीत आणि मग लॅपटॉपचा चार्जर, चष्मा किंवा ओळखपत्र चिकटपट्टी लावलेल्या खोक्यात सापडतं. या पिशवीत ओळखपत्र, परीक्षेचं प्रवेशपत्र, किल्ल्या, पाकीट, फोन-लॅपटॉप आणि त्यांचे चार्जर, चष्मा, रोजची औषधं, एक जोडी कपडे, टॉवेल, साबण, कात्री आणि चिकटपट्टी. खोकी भरायला सुरुवात करण्याआधीच ही पिशवी भरून दाराच्या हँडलला अडकवून ठेवायची.

काय ठेवावं आणि काय न्यावं याचा सोपा निकष असा: दहा आठवड्यांनी खोकं भिजलेलं निघालं तर कशाने खरंच अडेल? ते घरी. मूळ गुणपत्रिका, पासपोर्ट, दागिने, हार्ड डिस्क, लॅपटॉप, एकुलत्या एका हस्तलिखित वहीसारख्या गोष्टी स्टोअररूममध्ये कधीच नाहीत. कुलूप कितीही चांगलं असलं तरी छत कोणाचं गळेल हे आपल्या हातात नसतं.

खाण्याचा कुठलाही जिन्नस मागे ठेवायचा नाही, सीलबंदसुद्धा. मुंग्या आणि झुरळं पाकिटाच्या सांध्यातून वाट काढतात, आणि उंदीर पाकिटाबरोबर शेजारचे कपडेही कुरतडतो. उघडलेले शाम्पू, तेल, लोशन तसेच. उन्हाने तापलेल्या बंद खोलीत बाटलीतली हवा प्रसरण पावते आणि झाकणातून गळती होते. न्यायचेच असतील तर झाकण उघडून तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, वरून झाकण आवळा आणि बाटली उभी ठेवा.

खोलीतल्या सामायिक वस्तूंचा, म्हणजे केटल, एक्स्टेन्शन बोर्ड, झाडू-बादली, छोटा फ्रिज यांचा निकाल मैत्रिणींनी आधीच बसून लावावा आणि गटाच्या चॅटमध्ये लिहून ठेवावा. तोंडी ठरलेलं सुटीनंतर कोणालाच सारखं आठवत नाही.

ओल

ओलीचं गणित आकड्यांत मांडलं की पटतं. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ धरते. ६० लिटरच्या प्लॅस्टिकच्या डब्यात हवा ०.०६ घनमीटर. म्हणजे अगदी दमट दिवशी डबा बंद केला तरी त्या हवेत दोन ग्रॅमहून कमी पाणी असतं. आता अर्ध्या किलोचा जाड टॉवेल घ्या. तो हाताला ‘वाळलाय जवळजवळ’ असा लागतो तेव्हाही त्यात वजनाच्या दहा टक्के जादा पाणी सहज असू शकतं, म्हणजे ५० ग्रॅम. डब्यातल्या हवेच्या पंचवीसपट. सिलिका जेल आपल्या वजनाच्या फार तर पाव ते एक तृतीयांश इतकं पाणी शोषतं, त्यामुळे ५० ग्रॅमच्या पुडीची मजल साधारण १२ ते १६ ग्रॅम. तो एक टॉवेल चार पुड्या गिळून बसतो. पुड्या टाकल्या तरी कपड्यांना कुबट वास आला, या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. सिलिका जेल डब्यातल्या हवेसाठी आहे, ओल्या कपड्यांसाठी नाही.

कपडा वाळलाय का हे हातावरून ठरवू नका. तो स्वच्छ पारदर्शक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि पिशवी तासभर उन्हात ठेवा. आतून धुकं किंवा बारीक थेंब दिसले तर अजून ओल आहे. सगळ्या कपड्यांची परीक्षा घेण्याची गरज नाही. जीन्स, टॉवेल, हुडी आणि रजई एवढ्यांची घेतली की पुरे. जीन्समध्ये ओल दडते ती कमरपट्ट्यात, खिशांच्या अस्तरात आणि पायाच्या दुमडीत, म्हणून ती उलटी करून, खिसे बाहेर काढून वाळवायची. हुडीची टोपी आणि खालची विणलेली पट्टी सगळ्यांत शेवटी वाळते. रजई-दुलईला चांगल्या उन्हात दोन दिवस द्या आणि मधे दोनदा तरी उलटा.

वाळलेली वस्तू उन्हातून काढून थेट बंद करायची नाही. तापलेल्या कापसात आणि फोममध्ये कोंडलेली वाफ रात्री थंड होते आणि प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब होऊन साचते. तास-दोन तास सावलीत ठेवून गार झाल्यावर मगच पॅक करा.

सिलिका जेलचं प्रमाण: घट्ट झाकणाच्या ६० लिटर डब्याला १०० ग्रॅम, ५०-५० ग्रॅमच्या दोन पुड्यांत, एक तळाशी आणि एक वर. पुठ्ठ्याच्या खोक्यात ते टाकणं म्हणजे पैसे वाया. खोकं हवाबंद नसतं, त्यामुळे पुड्या खोलीतली ओल पिऊन थोड्याच दिवसांत गच्च होतात. रंग बदलणारे नारिंगी मणी मिळाले तर उत्तम, ओल शोषली की ते हिरवट होतात आणि ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या मण्यांत बहुधा कोबाल्ट क्लोराइड असतं, ते उघड्या हातांनी हाताळू नयेत.

हवा काढून घेणाऱ्या व्हॅक्यूम पिशव्यांबद्दल हमखास विचारलं जातं. त्यांनी आकार कमी होतो, वजन नाही. पूर्ण कोरड्या सुती कपड्यांना आणि चादरींना त्या चालतात. लोकर आणि पिसांच्या जॅकेटला नकोत, महिनोन्‌महिने दाबून राहिल्यावर त्यांचा फुगीरपणा पूर्ण परत येत नाही. शिवाय पिशवीत थोडी जरी ओल राहिली तरी तिला बाहेर पडायला वाट उरत नाही.

बूट धुतले असतील तर जीभ बाहेर ओढून, आतले सोल वेगळे काढून दोन दिवस वाळवा आणि आत कागदाचे बोळे भरा. पॉलीयुरेथेनचे सोल न वापरताही दमट हवेत हळूहळू विघटित होऊन भुगा होतात. महागडे बूट म्हणूनच घरी न्यावेत आणि अधूनमधून पायात घालावेत.

किडे

डाग असलेला, घामाचा कपडा ठेवायचा नाही. लोकर-रेशीम खाणारी कसर अशाच जागा आधी धरते. पुस्तकांच्या बांधणीतला डिंक आणि कपड्यांची खळ चांदणकिड्यांना (सिल्व्हरफिशना) आवडते, म्हणून मागे ठेवायच्या कपड्यांना खळ नको. डांबराच्या गोळ्या घट्ट बंद डब्यातच काम करतात, कारण त्यांची वाफ साठावी लागते. उघड्या कपाटात चार गोळ्या टाकून फक्त वास येतो. त्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवा, थेट कपड्यांवर किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूंवर नाही. घरात कोणाला जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असेल किंवा तान्हं बाळ असेल तर त्या अजिबात वापरू नका, कारण गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे अशा व्यक्तींच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

ढेकणांची तपासणी मात्र सक्तीची समजा, नाहीतर घरी सामानाबरोबर तेही येतात. गादीची कडेची शिवण, कोपरे, चेनची पट्टी आणि पलंगाचे सांधे टॉर्च लावून पाहा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग, पारदर्शक टरफलं किंवा जेमतेम मिलिमीटरभर पांढरट अंडी दिसली तर ते कपडे वेगळ्या बंद पिशवीत घ्या. ते पिशवीतून थेट मशिनमध्ये जाऊ द्या आणि ६० अंशांच्या पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये गरम सेटिंगवर अर्धा तास फिरवा. नुसतं ऊन दाखवणं पुरेसं नाही, ढेकूण शिवणीच्या सावलीत सरकतात. खोली दहा आठवडे बंद राहिली म्हणून उपाशी मरतील ही आशाही सोडा, ते काही महिने अन्नाशिवाय तग धरतात. वसतिगृहाला लेखी कळवा. एकाच खोलीत औषध मारून फारसं काही साधत नाही, शेजारच्या खोल्याही तपासाव्या लागतात.

खोकी आणि वजन

शक्य असेल तिथे पुठ्ठ्याऐवजी झाकणाचे प्लॅस्टिक डबे. पन्हाळीदार पुठ्ठा ओल शोषतो, एकावर एक ठेवला की खालचा बसतो, आणि त्याच्या पोकळ्यांत झुरळं अंडी घालतात. दुकानातून मिळालेली जुनी खोकी तर नकोतच.

पुस्तकांचं वजन सगळ्यांनाच फसवतं. ८० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-फोर कागदाचं एक पान ५ ग्रॅमचं, ५०० पानांचं रीम अडीच किलोचं. ४० × ३० × ३० सेंटिमीटरचं साधं खोकं पुस्तकांनी काठोकाठ भरलं की ते २५ किलोच्या घरात जातं. ते जिन्यावरून नेणारा माणूस कमरेने भरपाई करतो आणि खोकं तळातून फाटतं. एका खोक्याची मर्यादा १५ किलो ठेवा: खाली पुस्तकांचा अर्धा थर, वर चादरी-उशा. पुस्तकं आडवी किंवा कपाटात असतात तशी उभी. पानांची मोकळी बाजू खाली करून ठेवली की पानांच्या वजनाने ती बांधणीतून सुटायला लागतात.

चिकटपट्टी ४८ मिलिमीटर रुंदीची घ्या. तळाच्या मधल्या फटीवर दुहेरी पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक आडवी. वरही तसंच. भरलेलं, उघडं खोकं वरून फोटोत टिपा आणि मग बंद करा. खोक्यावर क्रमांक, नाव, खोली क्रमांक, फोन नंबर, तेही एका बाजूवर नाही तर वर आणि लगतच्या दोन बाजूंवर. रचलेल्या खोक्यांत नेमकी चिठ्ठीची बाजू भिंतीकडे जाते. आत काय आहे ते बाहेर लिहायचं नाही, ते फोनमधल्या यादीत.

स्टोअररूममध्ये जागा निवडता येत असेल तर जमिनीपासून दहा सेंटिमीटर उंच फळी किंवा विटा, भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर अंतर, आणि पाण्याच्या पाइपाखाली नाही. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या खोक्याला मागून आधी बुरशी धरते.

गादी पूर्ण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. आधी कापडी खोळ किंवा जुनी चादर, वरून प्लॅस्टिकचं आच्छादन, आणि खालचं टोक उघडं. फोमची गादी घडी घालून ठेवली तर घडीची रेघ कायमची राहू शकते, ती आडवीच ठेवावी आणि तिच्यावर खोकी रचू नयेत.

विजेच्या वस्तू

फ्रिज प्रवासाच्या किमान चोवीस तास आधी बंद करा. बर्फ वितळू द्या, चाकूने खरवडू नका, त्याने आतली नळी फुटते. आतून पुसल्यावर मागे कॉम्प्रेसरजवळचा पाण्याचा छोटा ट्रे रिकामा करून धुवा. तो सगळेच विसरतात आणि सुटीनंतरचा वास तिथूनच येतो. दार पूर्ण बंद राहणार नाही अशा बेताने फटीत कापडाची गुंडाळी अडकवून दोरीने बांधा. नेताना उभाच ठेवा. आडवा करावाच लागला तर जितके तास आडवा होता तितके तास, किमान चार, उभा ठेवून मग सुरू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत उतरायला वेळ लागतो.

केटल आणि पाण्याच्या बाटल्या झाकण उघडं ठेवून पूर्ण एक दिवस सुकवा, बाटलीच्या झाकणातली रबरी चकती काढून वेगळी. कॅल्क्युलेटर, घड्याळ, रिमोट, सायकलचा दिवा यांतले सेल काढून टाका. अल्कलाइन सेल गळला की आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतं, आणि ऐन पुढच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर बंद निघतो. इंकजेट प्रिंटर असेल तर तो त्याच्याच बटणाने बंद करा, प्लगवरून नाही. बटणाने बंद केल्यावर शाईचं डोकं टोपणाखाली जाऊन बसतं, नाहीतर शाई वाळून छिद्रं बुजतात.

लिथियम बॅटरीची कुठलीच वस्तू मागे नको. पॉवर बँक घरी ठेवून द्यायची असली तर निम्म्या चार्जवर ठेवा. पूर्ण भरलेली आणि पूर्ण रिकामी, दोन्ही अवस्थांत तिचं आयुष्य घटतं. फुगलेली बॅटरी पॅकच करायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची. विमानप्रवास असेल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची मंजुरी लागते. हिशोब सोपा: मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७, भागिले १०००. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची होते.

सायकल असेल तर साखळी फडक्याने पुसून तेल द्या, टायरमध्ये पुरेशी हवा भरा आणि ती छपराखाली, चौकटीतून कुलूप घालून ठेवा. नुसतं चाक कुलपात अडकवलं की सुटीनंतर चाकच शिल्लक राहतं.

कागद आणि फायली

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर असलेलं काम सुटीत नाहीसं होतं असं समजूनच चाला. यंत्रं नव्याने बसवण्याची कामं बहुधा याच काळात निघतात. प्रत्येक महत्त्वाच्या फायलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी: लॅपटॉप, बाहेरची डिस्क आणि क्लाउड. प्रत घेतल्यावर दुसऱ्या यंत्रावर दोन-तीन फायली उघडून पाहा. न उघडलेली प्रत धरायची नाही.

कॉलेजच्या पोर्टलचा ओटीपी कोणत्या नंबरवर येतो ते खोली सोडण्याआधी तपासा. घरी जाऊन सिम बदललं आणि नोंदणीची मुदत अंगावर आली की धावपळ होते. ओटीपी आला नाही तर वापरायचे पर्यायी कोड कागदावर लिहून घरच्या फाइलमध्ये ठेवा.

ग्रंथालयाची पुस्तकं परत केल्याची पावती, खोली सोडल्याची पोच, अनामत रकमेची पावती, फी भरल्याचे पुरावे, इंटर्नशिप असेल तर कॉलेजचं पत्र आणि विद्यार्थी असल्याचा दाखला. हे दाखले परीक्षेआधी मागून घ्या, कारण नंतर सही करणारेच रजेवर असतात. नियमित औषध चालू असेल तर पूर्ण सुटीचा साठा आणि वर एक आठवडा, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ऑनलाइन मागवलेली पार्सलं खोली सोडण्याच्या दहा दिवस आधी थांबवा आणि खात्यांतला पत्ता बदला.

शेवटचा तास

रिकाम्या खोलीचा एकच सलग व्हिडिओ काढा: चारही भिंती, छत, फरशी, खिडकीच्या कड्या, पलंगाखालची जागा, कपाटाचे खण उघडून, वीजमीटर असेल तर त्याचा आकडा. आधीपासून असलेली तडा, डाग जवळून दाखवा. अनामत रकमेवरून वाद झाला तर हा व्हिडिओच कामाला येतो.

पुढच्या वर्षी तीच खोली मिळणार असेल आणि ती बंदच राहणार असेल तर आणखी दोन कामं. बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या नुसत्या रिकाम्या करू नका, आतून घासा. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. आणि न्हाणीघराच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडा. जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी उन्हाळ्यात आटतं, मग गटाराचा वास आणि झुरळं सरळ वर येतात. तेलाचा पातळ थर बाष्पीभवन पुष्कळ मंदावतो.

किल्ली परत केल्याची सही किंवा फोटो घ्या. किल्ली खिशात घरी आली की कुलूप बदलण्याचा खर्च अनामतीतून जातो.

घरी आल्यावर

पहिले चार-पाच दिवस ती उशिरापर्यंत झोपेल. झोपू द्या, परीक्षेच्या दिवसांची झोप बाकी असते. उठण्याची वेळ मात्र आठवड्यानंतर ठरवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात दिवस दुपारी सुरू व्हायला लागतो. घरातल्या अपेक्षा, म्हणजे कोणती कामं तिच्याकडे, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर, कोणत्या नातेवाइकांकडे कधी, ती येण्याआधी फोनवर बोलून घ्या. वर्षभर स्वतःच्या वेळेने राहिलेल्या मुलीला दारातच वेळापत्रक दिलं की पहिलाच आठवडा वादात जातो.

दहा आठवड्यांतला पहिला आणि शेवटचा वगळला की आठ उरतात. आठवड्याचे पाच दिवस, रोज चार तास धरले तर १६० तास. एवढ्यात एक गोष्ट नीट होते: राहिलेला विषय, एखादं कौशल्य, किंवा इंटर्नशिपची तयारी. तीन गोष्टींची यादी केली तर तिन्ही अर्धवट राहतात. राहिलेला विषय असेल तर तोच आधी, आणि त्याच्या पुनर्परीक्षेच्या अर्जाची मुदत तारखांच्या कागदावर पाचवी ओळ म्हणून लिहून टाका.

परतताना

वसतिगृह वर्ग सुरू होण्याआधी उघडत असेल तर एक दिवस आधी पोहोचा. आधी खिडक्या उघडून नळ मिनिट-दोन मिनिटं वाहू द्या, मग गादीला ऊन दाखवा आणि शेवटी खोकी उघडा. खोकी खोलीच्या बाहेर, व्हरांड्यात उघडावीत. कुबट वास आला तर आतल्या वस्तू झटकायच्या नाहीत, बुरशीची बीजं हवेत उडतात आणि दम्याच्या व्यक्तीला त्रास होतो. मास्क लावून कपडे हळूच पिशवीत घ्या आणि थेट धुवायला टाका, कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, आणि कडक उन्हात वाळवा. पुस्तकांवर पांढरी भुकटी असेल तर आधी ती मोकळ्या हवेत उभी, पानं उलगडून पूर्ण सुकवा. ओली असताना पुसलं की डाग पानात मुरतो. सुकल्यावर मऊ कुंचल्याने शिवणीपासून बाहेरच्या दिशेने झाडा. फोमच्या उशीत किंवा गादीत आतपर्यंत काळे ठिपके गेले असतील तर धुण्याच्या खटपटीत न पडता ती टाकून द्या.